अंडी हजार, पिल्लं किती?

दक्षिण अमेरिकेत स्प्लॅश टेट्रा नावाचा जेमतेम दीड इंची मासा आहे. त्याची जोडी पाण्यातून एकाच वेळी उडी मारते, वर लोंबणाऱ्या पानाला खालून क्षणभर चिकटते, तिथे चार-सहा अंडी डकवते आणि धपकन पाण्यात पडते. पुन्हा उडी, पुन्हा अंडी. पानाखाली शे-दीडशे अंड्यांचा थर जमला की मादी आपल्या वाटेने जाते. नर मात्र पुढचे दोन-तीन दिवस हलत नाही. शेपटीच्या फटकाऱ्याने तो पानावर पाणी उडवत राहतो, मिनिटाला साधारण एकदा. अंडी ओली राहतात, पिल्लं फुटतात आणि टपटप पाण्यात उतरतात. एवढा खटाटोप कशासाठी, तर पाण्यात अंडी खाणारे पावलोपावली असतात आणि पानावर त्यांचं काही चालत नाही. ही जोडी घरी पाळायची असेल तर टँक काठोकाठ भरू नका. वर हवेची जागा सोडली की हे मासे झाकणाच्या काचेला आतून अंडी लावतात.

फिश टँकमध्ये अंडी मिळवणं मुळीच अवघड नाही. निरोगी नर-मादी, स्वच्छ पाणी आणि पोटभर खाणं मिळालं की बरेच मासे आपणहून अंडी घालतात. कस लागतो तो पुढच्या पंधरा दिवसांत, आणि हजारातली बहुतेक पिल्लं याच काळात जातात. ती कशी जगवायची, याचं उत्तर प्रत्येक मासा आपल्या सवयीतूनच देत असतो. ते नीट पाहिलं पाहिजे, एवढंच.

आधी आईबापांना आवरा

झेब्रा मासा मूळचा आपल्या उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो आहे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतही. कारण त्याचं अंडं काचेसारखं आरपार दिसतं. फलन झाल्यावर पाऊण तासात एका पेशीच्या दोन होतात, चोवीस तासांत हृदय धडधडू लागतं आणि तिसऱ्या दिवसापर्यंत पिल्लू बाहेर! दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग असेल तर घरबसल्या हे सगळं बघता येतं, आणि शाळकरी मुलांना दाखवण्यासारखं यापेक्षा सुंदर काही मला माहीत नाही.

अडचण एकच. पहाटे उजाडताच झेब्रा अंडी घालतात आणि लगेच वळून तीच खायला लागतात. त्यावरचा उपाय पोरांच्या खिशात सापडतो: काचेच्या गोट्या! टँकच्या तळाशी गोट्यांचे दोन थर द्यायचे आणि वर चार-पाच इंच पाणी ठेवायचं. अंडी चिकट नसल्यामुळे घरंगळून गोट्यांच्या फटींत जातात आणि आईबापांची तोंडं तिथवर पोहोचत नाहीत. न्याहारीच्या वेळेपर्यंत मोठे मासे उचलून परत त्यांच्या टँकमध्ये. खाली अंडी सुरक्षित.

गोल्डफिशची अंडी चिकट, म्हणून तिथे युक्ती वेगळी. अ‍ॅक्रिलिक लोकरीचे गोंडे करा, रंग जाईपर्यंत उकळून घ्या आणि पाण्यात सोडा. मादी त्यात घुसते, मागोमाग नर तिला ढुशा देत जातो आणि धाग्याधाग्याला अंडी चिकटतात. मग गोंडाच उचलून दुसऱ्या टँकमध्ये ठेवायचा. इथे एक सांगितलंच पाहिजे. हंगामात नराच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला पांढरे बारीक पुरळ येतात. कित्येक जण त्याला रोग समजून औषध ओततात. तो रोग नव्हे, नर वयात आल्याची खूण आहे. आणखी एक: गोल्डफिशची पिल्लं जन्मतः सोनेरी नसतात. ती मळकट, करड्या-हिरव्या रंगाची असतात आणि रंग पालटायला त्यांना काही महिने लागतात. तेव्हा 'ही कुठल्या भलत्याच माशाची पिल्लं' म्हणून टाकून देऊ नका.

फायटर बाबांची रात्रपाळी

फायटर मासा म्हणजे भांडकुदळ, अशी त्याची ख्याती. पण बाप म्हणून तो इतका हळवा की पाहत राहावं. आधी तो तोंडाने बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घर बांधतो. मग मादीला अंगाचा वेढा घालतो. थोडी थोडी पांढरी अंडी सुटतात आणि तळाकडे जाऊ लागतात. नर झडप घालून ती तोंडात गोळा करतो आणि फेसात एकेक खोचतो. हे तासन्‌तास चालतं. सगळं आटोपलं की मादीला ताबडतोब बाहेर काढायचं, कारण आता नर तिला घराजवळ फिरकू देत नाही, आणि छोट्या टँकमध्ये तिला पळायला जागा नसते.

दीड-दोन दिवसांत पिल्लं फुटतात. टाचणीएवढी ती पिल्लं शेपट्या खाली करून फेसाला लटकतात. एखादं निसटतं, गिरक्या घेत खाली जातं. बाप खाली झेपावतो, त्याला तोंडात घेतो, वर येतो आणि फेसात परत ठेवतो. तोवर दुसरं निसटलेलं असतं. रात्रभर हेच. म्हणून या टँकमध्ये पाणी पाच-सहा इंचांपेक्षा जास्त ठेवत नाहीत आणि तळाला खडे घालत नाहीत: बापाची धावपळ कमी होते आणि पडलेलं पिल्लू त्याला दिसतं. अंधारात त्याला पिल्लं सापडत नाहीत, तेव्हा एक मंद दिवा रात्री चालू राहू द्या.

साधारण तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहायला लागतात. त्या दिवशी बापाची सुट्टी, त्यालाही बाहेर काढा. आता पोहणारं पिल्लू आणि खाऊ यातला फरक त्याला कळेलच असं नाही.

फायटर थेट हवेतूनही श्वास घेतो, पण त्यासाठी लागणारा अवयव पिल्लात तीन-चार आठवड्यांनंतर कामाला लागतो. पिल्लू वर येऊन पहिला घोट घेतं तेव्हा पाण्यावरची हवा गार असेल तर ते दगावू शकतं. त्यामुळे टँकवर झाकण हवंच. पुण्या-नाशिकच्या थंडीत तर हा मुद्दा विसरून चालणारच नाही.

पांढरं अंडं, निळं पाणी, बदामाचं पान

फायटरसारखे अपवाद सोडले तर जिवंत अंडं पारदर्शक किंवा किंचित पिवळसर दिसतं. दुधासारखं पांढरं पडलेलं अंडं मेलेलं. त्याच्यावर कापसासारखी बुरशी धरते आणि तिचे धागे शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरतात. एंजल माशांची जोडी हे जाणते. पानावर अंडी घातली की दोघंही आळीपाळीने परांनी वारा घालतात, म्हणजे ताजं पाणी खेळतं राहतं, आणि पांढरी अंडी तोंडाने वेचून काढतात. कोवळ्या जोड्या मात्र पहिल्या एक-दोन वेळा अख्खी वीणच गिळून टाकतात. घाबरू नका, पुढच्या खेपांना बऱ्याच जोड्या सावरतात.

जोडीवर भरवसा नसेल तर अंड्यांसकट पान काढून वेगळ्या टँकमध्ये ठेवायचं आणि आईबापांची दोन्ही कामं आपण करायची. वाऱ्यासाठी एअर पंपाचा दगड, अंड्यांच्या जवळ, पण बुडबुडे अंड्यांवर थेट आपटणार नाहीत असा. वेचण्यासाठी ड्रॉपर. आणि बुरशीला अटकाव म्हणून मिथिलिन ब्लू, पाणी आभाळी निळं दिसेल इतपतच. हा रंग हाइनरिश कारो या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७६ साली तयार केला, कापड रंगवण्यासाठी. १८९१ मध्ये पॉल एर्लिश यांनी तोच मलेरियाच्या रुग्णांना दिला. तिथून तो माशांच्या अंड्यांपर्यंत पोहोचला! मुख्य टँकमध्ये तो टाकू नका, फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात. पिल्लं पोहायला लागली की थोडं थोडं पाणी बदलत निळेपणा घालवायचा.

औषध नको असेल तर रस्त्याकडेच्या देशी बदामाच्या झाडाखाली जा. गळून पडलेलं, पूर्ण वाळलेलं तांबूस पान धुऊन पाण्यात टाकलं की चहाच्या रंगाचा अर्क उतरतो. त्यातली टॅनिन्स बुरशीला आळा घालतात आणि पाणी किंचित आम्ल करतात. फायटरची पैदास करणारे हे पान हटकून वापरतात. परदेशात ही पानं पाकिटातून विकत घ्यावी लागतात. मुंबईत आणि कोकणात ती झाडून टाकली जातात.

तोंडाच्या मापाचा घास

पिल्लं जातात ती मुख्यतः उपासमारीने आणि घाणीने, आणि गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच: चुकीचं खाणं. फुटल्याबरोबर पिल्लाच्या पोटाशी बलकाची पिशवी असते. ती संपेपर्यंत त्याला काही लागत नाही. या काळात टाकलेलं खाणं तळाशी कुजतं, अमोनिया होतो आणि पिल्लं मरतात. पिल्लू काच सोडून मोकळं पोहायला लागलं की पहिला घास, आधी नाही.

आणि तो घास तोंडात मावला पाहिजे. गुरामीसारख्या माशांची पिल्लं इतकी बारीक की त्यांना सूक्ष्मजीवच हवेत. ते घरी पिकवता येतात. बरणीत टँकचंच जुनं पाणी घ्या, कोबीचं पान किंवा केळ्याच्या सालीचा तुकडा टाका आणि उजेडात ठेवा. आधी पाणी गढूळ होतं, वास मारतं. चार-पाच दिवसांत ते निवळतं. मग बरणी दिव्यासमोर धरा: धुळीचे कण आपणहून सरकताना दिसले की तो इन्फ्युसोरिया. ड्रॉपरने दिवसातून तीन-चारदा थोडा थोडा द्यायचा. उकडलेल्या अंड्याचा बलक तलम कापडातून पिळून देण्याची जुनी पद्धत आहे, पण तो पाणी फार लवकर नासवतो. अगदीच काही हाताशी नसेल तरच वापरा.

त्यानंतरचा राजेशाही खुराक म्हणजे आर्टेमिया, ज्याला ब्राइन श्रिम्पही म्हणतात. खाऱ्या तळ्यांतला हा जीव. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकमधून त्याची सुप्त अंडी जगभर जातात. दालचिनीच्या भुकटीसारखी दिसणारी ही कोरडी अंडी वर्षानुवर्षं जिवंत राहतात. १९७२ मध्ये अपोलो १६ आणि अपोलो १७ या चांद्रमोहिमांबरोबर ती अवकाशातही जाऊन आली, अंतराळातल्या किरणांचा जिवांवर काय परिणाम होतो ते बघण्यासाठी.

ती फोडणं म्हणजे घरातला छोटा उत्सवच. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीचा तळ कापा आणि ती उलटी टांगा. लिटरभर पाण्याला साधारण २५ ग्रॅम खडेमीठ. चिमूटभर अंडी. एअर पंपाची नळी थेट बाटलीच्या तोंडापर्यंत, म्हणजे अंडी सतत घुसळत राहतील. जवळ दिवा. तापमान २६ ते २८ अंश. दुसऱ्या दिवशी याच वेळी हवा बंद करा आणि दहा मिनिटं थांबा. रिकामी तपकिरी कवचं वर तरंगतात. बाटलीच्या खालच्या टोकाशी दिवा धरला की केशरी ढग तिकडे धाव घेतो, कारण ही पिल्लं उजेडाकडे ओढली जातात. नळीने तेवढा ढग काढा, तलम कापडातून गाळा, साध्या पाण्याने खळबळा आणि माशांच्या पिल्लांपुढे सोडा. काही मिनिटांत प्रत्येक पिल्लाचं पारदर्शक पोट गुलाबी-केशरी होऊन फुगलेलं दिसतं. कोण जेवलं आणि कोण उपाशी राहिलं हे मोजून सांगता येतं! एक पथ्य मात्र पाळा. फुटल्यावर आर्टेमिया काही तास स्वतःच्याच बलकावर जगतो, त्यामुळे जितका उशीर तितका घास निकस. सकाळी काढला तर सकाळीच खाऊ घाला.

पाऊस आलाय, असं वाटू द्या

पहिल्या पावसात कोकणात वलगणीचे मासे चढतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ओढे भरले की अंडी घालायला मासे उलट्या प्रवाहाने शेतांपर्यंत येतात. दक्षिण अमेरिकेतल्या कोरिडोरास या छोट्या मिशीवाल्या माशांनाही पावसाचीच खूण लागते. टँकमधलं निम्मं पाणी काढून त्याऐवजी दोन-चार अंश गार पाणी घाला. पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर अंडी दिसतात. बाहेर खरोखरीच ढग भरून आलेले असतील तर आणखी उत्तम.

या माशांचं मीलन विज्ञानालाही चकित करून गेलं. १९९५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ब्राँझ कोरिडोरासची मादी नराचे शुक्राणू तोंडाने घेते. ते तिच्या आतड्यातून झटकन मागे जातात आणि खालच्या परांची ओंजळ करून तिने धरलेल्या अंड्यांवर पडतात. मग ती जागा शोधते आणि अंडी काचेला लावते. ही अंडी चांगली टणक असतात, बोटाने हळूच सरकवून वेगळी काढता येतात.

तोंडात बिऱ्हाड, अंगावर जेवण

आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या कितीतरी सिक्लिड माद्या अंडी घालतात आणि वळून तोंडात घेतात. नराच्या मागच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. मादी ते टिपायला जाते आणि तिच्या तोंडातल्या अंड्यांचं फलन होतं. पुढे जवळजवळ तीन आठवडे ती जवळपास उपाशी राहते. गाल फुगलेली अशी मादी दिसली की तिला एकटीला शांत टँकमध्ये ठेवा, पण घाईने पकडू नका. घाबरली तर ती सगळं थुंकून टाकते.

टांगानिका सरोवरात या मातृत्वावर डल्ला मारणारा कुक्कू कॅटफिश आहे. सिक्लिडची जोडी अंडी घालत असताना तो मध्येच घुसून आपली अंडी टाकतो, मादी गडबडीत तीही तोंडात घेते. त्याची पिल्लं आधी फुटतात आणि तिच्या तोंडातच तिच्या पिल्लांना खातात. कोकिळेचा हा कावा माशांनीही साधला आहे.

डिस्कसची पिल्लं आईबापांच्या अंगावर पाझरणारा चिकट स्राव खाऊन वाढतात. एकाचं अंग चरून झालं की तो झटक्यात सरकतो आणि अख्खा घोळका दुसऱ्याकडे जातो. म्हणूनच डिस्कसची पिल्लं लवकर वेगळी केली की बहुधा हातची जातात. असाच जिव्हाळा आपल्याकडेही आहे: दक्षिण भारतातल्या ऑरेंज क्रोमाइडची पिल्लं आईबापांच्या अंगावरचा स्राव टिपतात. गोव्यात ताटात दिसणारा कालुंदर याच कुळातला.

झटपट, पण विसरू नये असं

१९९४ साली कोलंबिया यानातून चार जपानी मेडाका मासे अवकाशात गेले. तिथे त्यांनी ४३ अंडी घातली आणि आठ पिल्लं पृथ्वीभोवती फिरतानाच फुटली. वजनरहित अवस्थेत मीलन करून पिल्लं देणारे हे पहिले पृष्ठवंशी प्राणी.

युरोपातली बिटरलिंग मादी लांब नळीने जिवंत शिंपल्याच्या आत अंडी सोडते. पिल्लं तिथेच वाढतात आणि पोहण्याजोगी झाली की बाहेर येतात.

आफ्रिकेतले नोथोब्रँकियस किलीफिश पावसाळी डबक्यात जगतात. डबकं आटतं, मासे मरतात, अंडी सुक्या चिखलात तग धरतात. हौशी लोक ही अंडी ओलसर पीट मॉसमध्ये गुंडाळून पोस्टाने पाठवतात! त्यातला फरझेरी नावाचा मासा फुटल्यापासून १४ दिवसांत वयात येऊ शकतो.

निऑन टेट्राच्या अंड्यांना उजेड सोसत नाही, टँकला काळा कागद लावा. क्लाउनफिशची पिल्लं दिवे मालवल्यावर, अंधार पडताच फुटतात.

पाण्याची शिस्त

पिल्लांच्या टँकला स्पंज फिल्टरच हवा. जोरदार फिल्टर पिल्लं आत ओढून घेतो. स्पंज पाणी हळू खेचतो आणि त्याच्यावर जमणारे सूक्ष्मजीव पिल्लं टिपून खातात. नवा कोरा स्पंज घालू नका, चालू टँकमध्ये काही आठवडे मुरलेला घाला. पाणी रोज थोडं बदला, एअर पंपाच्या बारीक नळीने काढा, म्हणजे पिल्लं ओढली जाणार नाहीत. नळाचं पाणी अँटिक्लोरीन घालूनच, आणि तितक्याच तापमानाचं.

पाण्यावर तेलकट साय दिसली तर कागदाने टिपून काढा. बऱ्याच जातींची पिल्लं सुरुवातीला एकदा वर येऊन हवेचा घोट घेतात आणि त्याने पोटातली हवेची पिशवी भरतात. साय आड आली तर ती भरत नाही आणि पिल्लू कायमचं तळाशी घसटत राहतं.

गप्पीचं काय?

गप्पी, मोली, प्लॅटी अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. ही पिल्लं मोठी असतात, बोटांत चुरलेलं फ्लेक्स पहिल्या दिवसापासून खातात. जावा मॉसचा दाट गुंता टँकमध्ये ठेवला तरी पुष्कळ वाचतात. एकदा मीलन झालं की मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि नराशिवाय महिनोन्‌महिने पिल्लं देत राहते. डासांच्या अळ्या खातो म्हणून महापालिका गप्पीला हौदांत आणि टाक्यांत सोडतात, ते ठीक. पण जास्तीची पिल्लं नदीत किंवा तळ्यात सोडणं साफ चूक आहे. टँक साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा आज देशातल्या कितीतरी जलाशयांत शिरून बसला आहे आणि मासेमारांची जाळी फाडतो आहे. पिल्लं मित्रांना द्या, शाळेला द्या, दुकानदाराला द्या.

उलटी बाजूही आहे. 'मिस केरळ' नावाने विकला जाणारा लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब पश्चिम घाटातल्या ओढ्यांतून इतका उपसला गेला की आता तो संकटग्रस्त यादीत आहे. दुकानात विचारा, हा मासा पकडलेला की पैदास केलेला? पैदास केलेलाच घ्या.

पिल्लं महिन्याची झाली की आकार बघून वेगळी करा. एकाच विणीत दोन-चार झपाट्याने वाढतात आणि भावंडांनाच गिळतात, त्यांना दुसरी जागा द्या. मोठ्या टँकमध्ये टाकण्याआधी तिथल्या सगळ्यात मोठ्या माशाचं तोंड बघा. पिल्लू त्यात मावत असेल तर अजून दोन आठवडे थांबा.